उरलेल्या सुया

सुईचं टोक अजून बोचत होतं. म्हणजे झिजली नव्हतीच... ज्योतीरामनं ती पुन्हा अंगठ्यावर टोचून पाहिली. ग्रामोफोन विकून तीन महिने झाले, काढलेल्या-उरलेल्या सुयांची डबी तेवढी फळीवर राहिली होती. एका तबकडीला एक सुई, असा रिवाज. तो दोन-दोन बदलायचा, तरी गाणं घोंगडीखालून आल्यासारखं यायचं—शेवटी वैतागून त्यानं तो खोका शेजारच्या हिंदुरावाच्या गळ्यात मारला.

त्याआधी खड्याचा रेडिओ, ना वीज ना बॅटरी, खड्यावरच गाणं पकडणारा. पुण्याचं केंद्र सुरू झालं त्या वर्षी जुन्या बाजारातून आणलेला. तेव्हा चिंचवडला नवीनच आलो होतो, कारखान्यात पत्र्यावर रिबिटा ठोकायला... कानाला लावायच्या दोन डबड्या, एक मला, एक मंजुळेला. बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. दीड वर्षात तोही मंदावला. खडा भिकार दिला म्हणून दुकानदाराला काय काय बोललो मी.

आता हा बॅटरीचा रेडिओ. आवाजाची खुंटी शेवटपर्यंत पिरगाळली की मंजुळा कानावर पदर ओढते—नखरे, दुसरं काय.

आज तो बंद होता. रविवारची दुपार. तांदूळ निवडता निवडता मंजुळेचे ओठ हलले.

"काय?"

ती जवळ आली. "हिंदुरावभावजींनी ग्रामोफोन लावलाय. चाळभर ऐकू येतंय. उगाच इकलात."

"सुई बदलली असेल त्यानं."

"कुठली? तुमी लावलेलीच हाय अजून."

त्यानं कान दिला. काही नाही. मंजुळेच्या पायाचा अंगठा मात्र ठेक्यात हलत होता. खडा, सुया, बॅटरी... सगळ्यांना नावं ठेवून झाली होती. उद्या कंपनीचा डॉक्टर तपासणीला येणार, पाठीमागे उभा राहून हळूच नाव घेणार. मागच्या खेपेला माझ्या बरोबरीनं ठोकणारा दत्तोबा वळला नाही, आठवड्यात कामावरून घरी. आता गावी ओट्यावर बसतो, लोक त्याच्याशी हातवारे करतात. मला भीती वाटते.

त्यानं ट्रंकेतून त्या जुन्या डबड्या काढून कानांवर चढवल्या—ऐकू आलं नाही तर निदान डबड्यांचं निमित्त.

मंजुळेनं वळून पाहिलं. तार मोकळीच लोंबत होती. तिनं सूप खाली ठेवलं, डबड्या त्याच्या कानांवरून उतरवल्या आणि ती त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली—दत्तोबाचं तिलाही ठाऊक होतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली, उखाण्याखेरीज तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही.

मानेला तिचा श्वास लागला... थांबला... पुन्हा लागला. आता वळावं का, हे त्याला कळेना.