डावखुऱ्या सुऱ्या

माझ्या अंगठ्याला सात टाके काय पडले, थोरल्या मुलाने माझ्या सगळ्या सुऱ्या डब्यात भरल्या आणि परस्पर एका शाळेला देऊन टाकायचं ठरवलं. मला विचारायची तसदी कशाला घेईल! पस्तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून रक्त पुसणाऱ्या बाईला हा म्हणतो, "आई, मला बघवत नाही गं."

निवृत्त झाल्यापासून मी लाकडाचे चमचे कोरते. बाल्कनीत स्टूल, मांडीवर जाड चामडं, हातात सुरी आणि घरभर ढलप्या. अशा अकरा सुऱ्या आहेत. मी डावखुरी, म्हणून एकेकीचं पातं लोहारासमोर उभं राहून उलटं वाकवून घेतलेलं.

शनिवारी शाळेतले हस्तकलेचे सर आले. थोरल्याने डबा पुढे केला. सरांनी उजव्या हातात सुरी धरून लाकडावर ओढली. घसरली. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली.

"पाती उलटी बसलीत हो!"

"पाती बरोबर आहेत," मी म्हटलं. "हात बदला."

सर हसले. "असू दे आजी, लोहाराकडून सरळ करून घेऊ."

झालं! माझं डोकंच फिरलं. पहिलीत बाईंनी डाव्या हातावर पट्ट्या मारमारून मलाही सरळ करायला घेतलं होतं. मी त्यांना पुरून उरले. आणि आता माझ्या डोळ्यांदेखत माझ्या सुऱ्यांना तीच शिक्षा?

"चहा घ्या आणि निघा, सर," म्हणत मी डबा ओढून घेतला.

"आई, हट्ट करू नकोस. हात थरथरतो तुझा."

"थरथरतो. पुन्हा कापेल म्हणून भीतीही वाटते. पण हात मांडीवर ठेवून नुसतं बसायची त्याहून जास्त वाटते."

त्यांच्यासमोरच कोरायला बसले. हात हलला, पातं निसटलं, लाकडावर भलताच ओरखडा उठला. थोरला धावला. मी डोळे वटारले तसा जागीच थांबला. दुसऱ्या खेपेला मात्र लांबलचक ढलपी निघाली.

सर चहा न घेताच गेले. थोरल्याने खाली पडलेली ढलपी उचलली. मग हळूच म्हणाला, "पण आई, तुझ्यामागे यांचं करायचं काय?"

"रोज धार लावते मी. झिजवून झिजवून पाती संपवूनच जाणार. मुठी उरतील. त्या तू आणि धाकटा घ्या वाटून."