साठ मैलांचा करार

पक्षाघातानंतर माझ्या बायकोजवळ, अर्डिसजवळ, एकच शब्द उरला होता: मंगळवार. भूक लागली तरी मंगळवार, माझा राग आला तरी मंगळवार. समजायचं तिला सगळं. जन्मभर शाळेत मुलांना वाचायला शिकवलेली बाई ती. तोंडातून भलताच शब्द निघाला की भिंतीकडे मान फिरवायची.

जॅनेल क्रूस तिला बोलायला शिकवायला यायची. गावातल्या एकुलत्या एका दवाखान्यात ती नोकरीला होती. आठवड्यातून दोनदा दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. जॅनेल कधी घाई करायची नाही. सात महिन्यांत अर्डिसला एकतीस शब्द परत आले. कॉफी, खिडकी, पुरे, डेल. डेल म्हणजे तिचा धाकटा भाऊ. बायकोला माझ्याआधी भावाचं नाव आलं म्हणून मी रुसलो, तर जॅनेल म्हणाली, "ऑरिन, तुमचं नाव अवघड आहे हो. 'ऑ'पर्यंत आल्यात त्या."

मग बाहेरच्या एका कंपनीने दवाखाना विकत घेतला. पाऊण तासाची भेट वीस मिनिटांवर आली. एप्रिलात जॅनेलने नोकरी सोडली, आणि तेव्हा आम्हाला कळलं की नोकरीला लागताना तिने एका करारावर सही केली होती. सोडल्यावर दोन वर्षं, साठ मैलांच्या आत हे काम करायचं नाही.

"शेजारीण म्हणून ये ना," मी म्हणालो. "कॉफी प्यायला. कोण बघतंय?"

"आमच्यातल्या एका नर्सने तसंच केलं. कोर्टात खेचलं तिला." ती अर्डिसकडे वळली. "मला जावं लागतंय, अर्डिस."

"पुरे," अर्डिस म्हणाली. तिला काय म्हणायचं होतं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

जॅनेलने ऐंशी मैलांवर नोकरी धरली. तिच्या जागी आलेली मुलगी घड्याळाकडे बघत चित्रं दाखवायची. अर्डिस तिच्याशी बोलेना. आलेले शब्द एकेक करून जायला लागले.

त्या उन्हाळ्यात, असे करार बंद करावेत का, हे राज्यातल्या मतदारांनाच विचारावं म्हणून सह्या गोळा होत होत्या. मी उभ्या आयुष्यात कुणाच्या दारात काही मागायला गेलो नव्हतो. तेव्हा गेलो. चारशे बारा सह्या आणल्या. प्रस्ताव मतपत्रिकेवर आला.

डेलने मात्र सही दिली नाही. घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या बसवायचा त्याचा धंदा.

"दोन माणसं मी हाताला धरून तयार केली," तो म्हणाला. "दोघंही माझीच गिऱ्हाइकं घेऊन गेली. असा करार करू दिला नाही तर तिसराही जाईल. मी काय करू, टाळ्या वाजवू?"

"तुझी बहीण मुकी होत चाललीय, डेल."

"ते माझ्यावर ढकलू नकोस."

त्याने अंगणात विरोधाची पाटी लावली. मी त्याला सांगितलं, ती पाटी आहे तोवर माझ्या घरी येऊ नकोस. तोही हट्टी, दर रविवारी यायचा तो आलाच नाही. अर्डिस दर रविवारी खिडकीशी बसून म्हणायची, "डेल." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

नोव्हेंबरात मतदान झालं, आम्ही जिंकलो. मी जॅनेलला फोन लावला.

"ऑरिन, एक जानेवारीनंतर होणाऱ्या करारांनाच ते लागू आहे. माझा जुना."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही दारोदार हिंडत होतात. माझ्याच्याने सांगवेना."

मी कपाटातून सह्या घेतानाचा प्रस्तावाचा कागद काढला. शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं. चारशे बारा माणसांच्या हातात मी तो दिला होता, स्वतः शेवटपर्यंत वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी डेलकडे गेलो.

"जिंकलास की," तो दारातच म्हणाला. "आता काय राहिलं?"

"रविवारी ती तुझी वाट बघते."

त्या रविवारी तो आला. तोवर तिच्या तोंडून त्याचंही नाव गेलं होतं. अर्डिसने त्याची बाही धरली आणि तो निघेपर्यंत सोडली नाही. गाडीत बसल्यावर तो स्टिअरिंगवर डोकं टेकून किती तरी वेळ तसाच होता.

फेब्रुवारीत तिला दुसरा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. माझं नाव तिला शेवटपर्यंत आलं नाही. जॅनेल बर्फातून ऐंशी मैल गाडी चालवत आली आणि चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. डेलने तिला पुढे आणून आमच्याजवळ बसवलं.

पुढच्या वर्षी एप्रिलात जॅनेलच्या कराराची मुदत संपली. वाचनालयामागची खोली घेऊन तिने काम सुरू केलं. खुर्च्या मी आणि डेलने पोचवल्या. पहिल्याच दिवशी शाळेच्या बसचा एक म्हातारा ड्रायव्हर बायकोबरोबर आला. त्याला काहीच बोलता येत नव्हतं. बायकोने मला विचारलं, "किती दिवस लागतात हो?"

"ते जॅनेलला विचारा," मी म्हणालो, आणि उरलेली खुर्ची आणायला बाहेर गेलो.