आईची जीभ

आई थोरल्या लेकीकडे राहायची, पण तिच्या हातचं जेवण दोन घासांत बाजूला सारायची. धाकटीने आणलेलं गार दही मात्र चाटूनपुसून खायची. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा धाकटी म्हणाली, "आई, आ कर बघू." जिभेवर पांढरा थर होता.

"बुरशी आहे, म्हणून तिखट-गरम झोंबतं," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे औषध तोंडात घोळवा, झोपताना कवळी काढून ठेवा."

"जीभ झोंबते हे मला का नाही सांगितलंस?" थोरलीने आईला विचारलं.

"तू चिडशील वाटलं."

धाकटीच्या हातातली औषधाची बाटली थोरलीने ओढूनच घेतली.

हळूहळू आई पोटभर जेवू लागली. "धाकटीची नजर भारी हो!" ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि थोरली आत भांडी आपटायची.