वाऱ्याच्या तोंडी

लाँड्रीत दिवसभर इस्त्रीवर उभ्या राहणाऱ्या बाईला शनिवार-रविवारची सुट्टी मागायची म्हणजे आधी मालकाचा मूड बघावा लागतो. यंदा मी बघितला नाही. सरळ सांगितलं, सायकलच्या शर्यती आहेत, दोन दिवस येणार नाही. तो म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "सध्या माझं हेच वय चालू आहे."

खरं कारण त्याला सांगितलं नाही. आमच्या सायकल क्लबातल्या बायकांनाही सांगितलं नाही. शर्यतीत माझी मुलगी उतरणार होती आणि तिला मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी घर सोडलं ते तिच्या परीक्षेच्या वर्षी. "सहा महिने थांबता आलं नाही तुला?" असं तिनं विचारलं होतं. मी एकोणीस वर्षं थांबले होते, पुढचे सहा महिने खरंच निघाले नसते. हे तिला सांगायला गेले तर तिनं फोन ठेवला आणि पुन्हा म्हणून उचलला नाही. ती बाबांकडेच राहिली. तिचं आडनाव त्यांचं, मी माझं माहेरचं परत लावलं, त्यामुळे आम्ही एकमेकींच्या कोण हे शर्यतीत कुणाला कळायचं कारण नव्हतं. सायकलचं वेड तिनं माझ्याकडून घेतलं, बाकी सगळं बाबांकडून, हट्टसुद्धा. निदान मी तरी असं म्हणते.

मला बक्षीसबिक्षीस काही नको होतं. तिनं एकदा "आई" म्हणावं, रागानं का होईना, एवढ्यासाठी मी गेले होते.

शनिवारची शर्यत गावातल्या गल्ल्यांतून गरगर फिरायची. सुरुवातीच्या रेषेवर ती माझ्या दोन रांगा पुढे होती. केस कापले होते, खांदे रुंद झाले होते. मी तिला ओळखलं ते पाणी पिण्यावरून. पहिला घोट थुंकून टाकायचा आणि मग प्यायचं. त्यावरून मी तिला लहानपणी किती बोलले असेन! तिनं मागे वळून पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग हँडलवरच्या नंबराकडे, आणि मग सरळ पुढे. जणू नंबर तपासायलाच वळली होती. त्या दिवशी ती चौथी आली आणि मी कितवी आले ते विचारू नका. माझा तर निघायच्या आधीच टायर बसला होता. आमच्या टपालवालीनं स्वतःचं जादा चाक काढून बसवून दिलं म्हणून मी निघू तरी शकले.

ही टपालवाली म्हणजे आमच्या क्लबातली सगळ्यात वेगवान मुलगी. रोज दारोदार पत्रं वाटते, कुत्र्यांपासून पळून पळून पाय तयार झालेत असं स्वतःच सांगते. रविवारच्या मोठ्या शर्यतीत ती याआधी तीनदा दुसरी आली होती. यंदा तिला पहिली आणायची असं ठरलं होतं.

संध्याकाळी शाळेच्या ज्या वर्गात आमच्या गाद्या टाकल्या होत्या तिथेच आमची कॅप्टन फळ्यापाशी उभी राहिली. कवायत शिकवते ती, रविवारीसुद्धा गळ्यात शिट्टी असते. माझ्याकडे खडू रोखून म्हणाली, "उद्या दोघी-तिघी पुढे सटकतील. तू त्यांच्याबरोबर जायचं. मागे बसायचं. ओढायचं नाही. कळलं?"

कळायला अवघड नव्हतं. सायकलच्या शर्यतीत जी पुढे असते ती वारा खाते आणि मागची तिच्या आडोशाला निम्म्या कष्टात येते. म्हणून पुढे सटकलेल्या बायका पाळीपाळीनं पुढे होतात. एकीनं पाळी चुकवली की बाकीच्या दमतात, मागचा घोळका येऊन सगळ्यांना गाठतो, आणि घोळक्यात शेवटच्या धावेला आमच्या टपालवालीला तोड नव्हती. थोडक्यात, मला फुकट बसून दुसऱ्यांचं वाटोळं करायचं होतं. मी हो म्हटलं.

रविवारी चढ संपता संपता तिघी सुटल्या. पिवळ्या जर्सीतली एक दातांची डॉक्टर, माझी मुलगी आणि मी. हे मी ठरवून केलं नाही. पोरगी पेडलवर उभी राहून सुटली आणि माझे पाय तिच्यामागे गेले.

सांगितल्याप्रमाणे मी मागे बसले. डॉक्टरीणबाईंनी दोनदा कोपर हलवून "ये पुढे" अशी खूण केली, मग वैतागून ओरडल्या, "आयत्या बिळावर नागोबा! जरा लाज वाटू दे!" मी हसले. खरं सांगू का, मी सुखात होते. दोन वर्षांनी माझी मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिला कुठे जाता येत नव्हतं. मध्येच ती हात खाली करून ओरडायची, "खड्डा!" मागचीला खड्डा सांगायचा हा नियमच आहे, वैरिणीलाही सांगतात. तरी प्रत्येक खड्ड्याला माझं मन भरून येत होतं. त्या रस्त्याला खड्डे कमी होते याचंच वाईट वाटलं.

मग धरणाच्या भिंतीवरचा रस्ता लागला. सरळ, उघडा, आणि वारा समोरून थोबाडीत मारत होता. डॉक्टरीणबाई गळपटल्या आणि मागे पडल्या. राहिलो आम्ही दोघी. मुलीनं कोपर हलवलं. मी गेले नाही. पुन्हा हलवलं. मग ती वळून म्हणाली, "बस मागेच. अवघड आलं की तू मागेच राहतेस."

दोन वर्षांत मला उद्देशून बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. मला काय काय सांगायचं होतं! पण समोरून असा वारा असताना कुणाला काही सांगता येत नाही, आणि सांगितलेलं तिनं ऐकलंही नसतं. मी गिअर बदलला आणि तिच्या पुढे गेले.

कॅप्टन आठवली. खडू आठवला. टपालवालीनं तेलकट बोटांनी बसवून दिलेलं चाक तर माझ्याखालीच फिरत होतं. तरी मी गेले. धरणभर एकदाही कोपर हलवलं नाही, तिला वाऱ्याच्या तोंडी येऊ दिलं नाही. मांड्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. मागून तिचा श्वास ऐकू येत होता. तो श्वास ऐकत मी आणखी कितीही गेले असते, पण पायांना ते कुठे कळतं? धरण संपल्यावर वळणाला मी बाजूला झाले. ती शेजारून गेली. आता बोलेल, असं मला वाटलं. शर्यतीत कुणी बोलत नाही हे ठाऊक असून वाटलं.

थोड्या वेळानं घोळका मला ओलांडून गेला. टपालवालीनं जाता जाता माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. ते पाहणं मला रागापेक्षा लागलं.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. माझी मुलगी पहिली आली होती. घोळक्यातून टपालवाली सुटली, पण पुढे एकजण आधीच गेलेली, त्यामुळे चौथ्यांदा दुसरी. मी सायकल कठड्याला टेकवली, तोंड पुसलं, हेल्मेटनं चपटे झालेले केस नीट केले. इतक्या लोकांपुढे लेक येऊन भेटलीच तर बावळट दिसायला नको.

ती चौथऱ्यावर उभी होती. तिचे बाबा तिचं जाकीट हातात धरून खाली उभे होते. माईकवाल्यानं विचारलं, "धरणावर वारा केवढा होता! तुमच्यापुढे कुणीतरी सलग ओढत होतं म्हणे?"

तिनं गर्दीत पाहिलं. मी दिसले. मी दिसले हे मला दिसलं.

"हो," ती म्हणाली, "एक निळ्या जर्सीतल्या बाई होत्या. माझ्या ओळखीच्या नाहीत. त्यांचे आभार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप उठले.

मग कॅप्टन आली. शिट्टी मुठीत आवळलेली. मागे टपालवाली, टॉवेलमध्ये तोंड खुपसून. तिचे खांदे हलत होते.

"ऐकलंस?" कॅप्टन म्हणाली. "तुला ओळखतसुद्धा नाही ती! आणि तिच्यासाठी तू या पोरीचा घात केलास. कशासाठी? कोण लागते ती तुझी?"

सांगितलं असतं तर कदाचित माफ केलं असतं तिनं. बाईमाणूस आहे, तिलाही पोरंबाळं आहेत. शब्द जिभेवर आला होता. पण एवढ्या लोकांसमोर, माईकवर, मुलगी एक बोलून गेली होती. तिला खोटं कसं पाडायचं?

"कोणी नाही," मी म्हटलं.