फोनांची पिशवी

सरांनी मांडीवरच्या पिशवीची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. आत संघातल्या सगळ्या पोरांचे फोन होते. प्रत्येक सामन्याआधी ते स्वतः फोन गोळा करत. खेळ चालू असताना कुणाच्या घरून निरोप आला, तर त्या पोराला तडक बाहेर काढून पाठवत. मागे गोलकीपरचा भाऊ जिन्यावरून पडला, तेव्हा त्यालाही पाठवला होता. सामना गेला तो गेलाच.

"सामना म्हणजे सामना. समोर कोण आहे ते बघायचं नाही," हे सरांचं पालुपद.

आज समोर पुलापलीकडचे, म्हणजे जुने वैरी होते. सरांच्या घशाखाली सकाळपासून घास उतरला नव्हता आणि बायकोवर ते उगाच खेकसून आले होते.

"बसा की जरा निवांत," पाणी देणारे मामा म्हणाले. "नेहमीसारखाच सामना ना?"

"गप्प बसा हो मामा!"

पिशवी थरथरली. फोन लंबूचा, म्हणजे कप्तानाचा.

"सर, मी लंबूची बायको. दवाखान्यात आलेय, कळा सुरू झाल्यात. सोबत कुणीच नाही हो. त्याला पाठवता ना?"

"हो हो, लगेच पाठवतो."

सर रेषेपर्यंत गेले. हात वर केला. तेवढ्यात लंबूच्या पायात चेंडू आला आणि हात खाली आला. एवढी एक चढाई होऊ दे. मग कॉर्नर मिळाला. उंच चेंडू लंबूशिवाय कोण घेणार? तोही वाया गेला. मध्यंतर झालं. सरांनी डावपेच समजावले, लंबूला जरा जास्तच, पिशवी काखेत घट्ट दाबून. मामा त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि बऱ्याच वेळाने लंबूने एकदाचा गोल मारला. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. सरांनी तिथल्या तिथे त्याला बाहेर बोलावलं.

"पळ लेका. बायको दवाखान्यात आहे."

लंबूने पिशवीतून आपला फोन घेतला, घाईघाईने बायकोचा नंबर काढला आणि थबकला. तिचा फोन मध्यंतराच्या आधीच येऊन गेला होता. उचललाही गेला होता. त्याने एकदा सरांकडे पाहिलं आणि बूटही न बदलता पळत सुटला.

सामना जिंकला. पोरांनी सरांना खांद्यावर उचललं.

"उतरवा रे! उतरवा म्हणतो ना!"

पोरांना वाटलं, सर लाजताहेत.

लंबूची मुलगी तो पोचायच्या आधीच जन्मली होती.

पुढचा सामना अगदीच किरकोळ संघाशी होता. सर पिशवी घेऊन फिरत लंबूपाशी आले.

"कशी आहे रे पोरगी?"

"मजेत आहे, सर."

त्याने खिशातून फोन काढला आणि शेजारी उभ्या मामांच्या हातात दिला.

"मामा, घरून काही आलं तर सांगाल ना?" मग सरांकडे वळून तो अदबीने म्हणाला, "तुमचं लक्ष खेळात असतं, सर."

सर पिशवी उघडी धरून तसेच उभे राहिले. गोलकीपर पुढे झाला, पिशवीत हात घातला आणि मघाशी टाकलेला आपला फोन काढून घेतला.