काळी चारच्या थोडं खाली

अठ्ठावीस वर्षं मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो आहे. आरमोरीत गुणवंतराव मास्तर म्हटलं की लहान पोरही घर दाखवतं. त्यामुळे आमच्या मंडळीचे मॅनेजर प्रफुलभाऊ यांनी यंदाच्या नाटकात ‘ढोरांच्या घंटांचं गाणं’ घ्यायचं ठरवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. गाणं कुरखेड्याकडच्या बायकांचं. ऑटोत, बांधावर, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेच. मी मात्र हट्टानं ऐकलं नव्हतं. उद्या म्हशींनाही मानधन द्या, असं सुनावूनही झालं.

तालमीला सहा जणी आल्या. त्यांनी दोरीवर अकरा लाकडी घंटा टांगल्या. गाईंच्या गळ्यातून सोडून आणलेल्या, गोठ्याचा वास अजून तसाच. त्यांच्यातली मोठी सोनीबाई. गावातले चाळीस गोठे फिरून, कान देऊन तिनं या एकमेकींशी जुळणाऱ्या घंटा निवडल्या होत्या. त्या दिवशी त्या अकरा गाईंना चराईची सुट्टी होती.

तिनं घंटेवर काडी मारली आणि मी तोंडातला खर्रा चघळायचा विसरलो. लाकडाचा आवाज कोरडा, तरी गोड. एक सूर विरायच्या आत दुसरा त्याला गाठायचा. त्यावर बायका गायला लागल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं सुरांत काढली, पण लाकडात असे सूर असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मीच कुणाला विचारलं नव्हतं.

मग मी ऑर्गनवर बोटं ठेवली आणि सगळं बिघडलं. घंटांची पट्टी ऑर्गनच्या काळी चारच्या थोडी खाली होती, पांढरी पाचच्या वर, म्हणजे दोन सुरांच्या मधे कुठेतरी. दोन्ही एकत्र वाजलं की दात शिवशिवायचे. आमचं नाटक ऑर्गनशिवाय उभं राहत नाही. प्रफुलभाऊ म्हणाले, जुळत नसेल तर बायकांना परत पाठवतो. सगळं माझ्या मनासारखं होत होतं आणि आता मला तेच नको होतं. म्हणून मी सोनीबाईला सुचवलं, घंटांच्या कडा जराशा तासू, सूर चढेल.

तिनं हातातली घंटा पदराखाली घेतली.

“नाई जी मास्तर. रानात वाघ असते. ढोरकी घंटीवरून गाय हुडकते. अवाज बदलला तं त्यानं कोनाले हुडकावं?”

मी ऑर्गनकडे वळलो.

ऑर्गन माझ्या वडिलांचा. त्याला मी कुणाला हात लावू देत नाही. आत प्रत्येक सुराची एक पितळी पाती असते, ती बुडाशी घासली की सूर उतरतो, पण घासलेलं पितळ परत येत नाही. मी ऑर्गनचं झाकण काढलं आणि पिशवीतून कानस घेतली.

“वाजवा बाई तुमची घंटी,” मी म्हणालो. “हळू हळू वाजवा.”

प्रफुलभाऊ घाबरले. नाटकात आणखी चौदा गाणी आहेत, नट ती कोणत्या पट्टीत म्हणतील, असं विचारायला लागले.

“याच पट्टीत,” मी म्हणालो आणि पहिल्या सुराच्या पातीवर कानस फिरवली.