हाताला झेपेल ती गोळी

आर्डिसचा नवरा नॉर्व्हल स्कोगेन हिवाळ्यात वारला. बर्फ वितळून अंगणात गुडघाभर चिखल झाला, त्या दिवसांत एका भर दुपारी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी स्कंक आला, मांजराएवढं काळंपांढरं, दुर्गंधी सोडणारं रानटी जनावर. स्कंक दिवसाउजेडी हिंडत नाही, आणि हा तर झिंगल्यासारखा चालत होता. पिसाळलाय, हे आर्डिसला स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच कळलं. टिली भुंकत त्याच्या अंगावर धावायच्या बेतात होती. आर्डिसने कुत्रीला पट्ट्याला धरून घरात ओढलं, दार लावून घेतलं आणि कपाटातून नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर काढलं.

बंदुका असलेल्या घरात तिचा सगळा संसार झाला होता, पण चाप तिने कधी ओढला नव्हता. ते काम नॉर्व्हलचं. कोपर वाकवून, डोळे जवळजवळ मिटून तिने गोळी झाडली. कान बधिर झाले, आणि हातातलं लोखंड उसळून असं मागे आलं की नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी तिच्या भुवईत घुसली. स्कंकला काही झालं नाही. तो धान्याच्या कोठाराखाली सरकला. आर्डिस चिखलात बसून राहिली, एका डोळ्यात रक्त उतरत होतं.

पलीकडच्या शेतावरून लेलंड आला, नॉर्व्हलचा धाकटा भाऊ. त्याने शॉटगनने स्कंकचा निकाल लावला, मग वहिनीच्या भुवईवर पट्टी चिकटवली आणि रिव्हॉल्व्हर उचलून पाहिलं.

"तीन-सत्तावन मॅग्नम," तो म्हणाला. "हे तुझ्या हातात कोणी दिलं?"

"तुझ्या भावाने. मरून."

लेलंड जरा वरमला. पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "हे विकून टाक. माझ्यासारखं पंचेचाळीसचं पिस्तूल घे. त्याच्याखाली जे काही आहे ते सगळं खेळणं."

त्याने आपलं पिस्तूल तिला करून बघायला दिलं. गोळी नळीत भरायला वरची स्लाइड मागे खेचावी लागते. आर्डिसने जीव खाऊन ओढली, ती हलेना. "दंड कमव," लेलंड हसून म्हणाला.

मग ती तालुक्याच्या गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेली. दुकानदाराने तिला एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि काचेखालून जांभळट रंगाचं एक इवलंसं पिस्तूल काढलं. "तीन-ऐंशी आहे मॅडम. पर्समध्ये मावतं. बायका हेच नेतात." आर्डिसने ते घेतलं, घरी आणून गवताच्या गठ्ठ्यावर चालवलं. पहिल्या दोन गोळ्यांतच अंगठा आणि तर्जनीमधली कातडी सोलली गेली. पिस्तूल खणात गेलं, आणि आर्डिसने बिलिंग्ज शहरातल्या लेकीला फोन लावला.

"तुझ्याकडची मागची खोली रिकामी आहे का अजून?" तिने विचारलं.

लेक हरखली. आर्डिसने फोन ठेवला आणि बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिली. तिला जायचं नव्हतं. पण शेरीफची पोलीसगाडी यायला तासभर लागतो, थंडीत रस्ता बंद झाला तर दिवस लागतो. ज्या जागेत बाईला स्वतःची आणि जनावरांची राखण करता येत नाही, तिथे तिने एकटीने राहावं कसं, हा प्रश्न तिला रोज दाराशी उभा दिसायचा.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी घेताना मॅक्सीन डेलॉर्म तिच्या शेजारी येऊन बसली. मॅक्सीन काउंटीच्या तुरुंगातल्या नोकरीतून निवृत्त झालेली. दोघींची ओळख होती, पण दुरून हात हलवण्यापुरती. मॅक्सीनने आर्डिसच्या हातावरची पट्टी पाहिली.

"काय चावलं?"

"पिस्तूल."

"आणि भुवईला?"

"दुसरं पिस्तूल."

मॅक्सीन हसली नाही. तिने कॉफीचा घोट घेतला. "शनिवारी खडीच्या जुन्या खाणीवर ये. असतील नसतील तेवढी घेऊन ये. रिकामी करून, डब्यात बंद करून. काही विकू नकोस अजून."

"मी बिलिंग्जला जायचं म्हणतेय."

"जा की. शनिवारनंतर."

शनिवारी वारा होता, तरी ऊन होतं. मॅक्सीनने ट्रकच्या मागच्या फळीवर जुनी चादर पसरून चार-पाच पिस्तुलं ओळीने मांडली होती, तोंडं सगळी मातीच्या उतरणीकडे. कितीतरी वेळ तिने एकही गोळी झाडू दिली नाही. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरायचं. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. नेमामागे काय आहे ते बघायचं. हे तिने आर्डिसकडून इतक्यांदा वदवून घेतलं की आर्डिस चिडली.

"मी काय दुसरीतली पोर आहे?"

"आहेस," मॅक्सीन म्हणाली. "म्हणून पहिल्यांदा हे."

तिने हातात बावीसचं पिस्तूल दिलं. कानांवर जाड मफ, डोळ्यांना चष्मा. खाणीच्या उतरणीवर काठ्यांना कागदी थाळ्या टाचल्या होत्या. आर्डिसने दात आवळले, खांदे कानांपर्यंत वर घेतले आणि चाप ओढला. टक्. फांदी मोडावी तेवढाच आवाज. हात जागचा हलला नाही.

"एवढंच?"

"एवढंच. काडतूस स्वस्त, धक्का नाही. तुझ्या हाताला आधी हे कळू दे की गोळी सुटली म्हणजे दुखतंच असं नाही."

आर्डिस झाडत राहिली. खांदे हळूहळू खाली आले. थाळीला भोकं पडू लागली, आधी कडेला, मग मधे. ती हसतेय हे तिचं तिलाच उशिरा कळलं.

"मग हेच का नको मला?"

"स्कंकला चालेल. पण बावीसची गोळी हलकी. आणि असलं काडतूस कधीमधी चाप ओढला तरी पेटतच नाही. जीव ज्यावर टांगायचा ते जरा खात्रीचं हवं." मॅक्सीनने जांभळं पिस्तूल दोन बोटांत उचललं. "आता हे. तुला वाटलं, लहान पिस्तूल म्हणजे लहान धक्का."

"दुकानदाराला वाटलं."

"याची गोळी नाइन एमएमएवढीच रुंद, दारू मात्र कमी. पण पिस्तुलाला अंगच नाही. धक्का गिळणार कोण? मग तो सगळा तुझ्या हातात येतो." तिने आपलं पोलादी नाइन एमएम पुढे केलं. "हे घे. काडतूस जास्त ताकदीचं, तरी बघ."

या पिस्तुलाची स्लाइडही आधी हलेना. मॅक्सीनने युक्ती दाखवली: नुसतं डाव्या हाताने ओढायचं नाही, वरून मूठ आवळून धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. स्लाइड सरकली. पिस्तूल उसळलं, पण हातात राहिलं. आर्डिसला आश्चर्य वाटलं. बहुतेक जण शेवटी याच्यावरच येतात, मॅक्सीन म्हणाली. काडतूस कुठेही मिळतं, एका वेळी भरपूर मावतात, आणि सरावाने झेपतं.

मग पंचेचाळीस. आर्डिसने आधी नकोच म्हटलं. पण गोळी सुटली तेव्हा चापट बसली नाही. कुणी तळहात लावून सावकाश मागे रेटावं तसं वाटलं. तिसऱ्या गोळीला मनगट थकलं आणि थाळी सोडून मातीच उडाली.

"लेलंड म्हणतो, याच्याखाली सगळं खेळणं."

"लेलंडला सांग, बाहेर गेलेली मोठी गोळी नुसता आवाज करते. लागलेली लहान गोळी काम करते." मग मॅक्सीनने नॉर्व्हलचं रिव्हॉल्व्हर डब्यातून काढलं. गोल चक्री बाहेर पाडून आरपार पाहिलं, नळीवर अंगठा फिरवला. "किती निगा राखलीय या माणसाने. याच्यात कुठली काडतुसं घातली होतीस?"

आर्डिसने डबी दाखवली. मॅक्सीनने एक काडतूस घेतलं, आणि आपल्या खिशातून दुसरं काढून त्याच्याशेजारी उभं केलं. दुसरं जरासं बुटकं होतं.

"लांबवालं मॅग्नम. बुटकं अडतीसचं. अडतीस हे नुसतं नाव. मोजलीस तर दोघांची गोळी एकाच जाडीची. मॅग्नमचं पितळी नळकांडं लांब, दारू कितीतरी जोरकस. आता नीट ऐक. अडतीसच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम कधी घालायचं नाही. पण मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अडतीस खुशाल चालतं."

"म्हणजे याच्यात?"

"याच्यातच. आणि याला अंगही आहे. भर."

आर्डिसने एकेक काडतूस घातलं. मूठ लाकडी होती आणि एका बाजूला झिजून गुळगुळीत झाली होती, नॉर्व्हलचा तळवा जिथे यायचा तिथे. कोपर सरळ, डोळे उघडे. तिने चाप ओढला. हत्यार थोडं वर उचललं गेलं आणि परत जागेवर आलं. थाळीच्या मधोमध भोक पडलं होतं. तिने चक्री रिकामी होईपर्यंत झाडलं, मग ते अलगद चादरीवर ठेवलं आणि ट्रकच्या फळीवर बसली.

"मी हे विकणार होते," ती म्हणाली. "मला वाटलं, त्याचं ते माझं होऊच शकत नाही."

मॅक्सीनने तिला रडू दिलं. थाळ्या उतरवून आणल्या, रिकामी काडतुसं वेचली, थर्मासमधली कॉफी ओतली. पुढच्या शनिवारी येतेस का, एवढंच विचारलं. आर्डिसने मान हलवली, आणि त्या रात्री लेकीला कळवलं की खोलीत शिलाईमशीन ठेवायचं असेल तर ठेव.

उन्हाळाभर ती खाणीवर जात राहिली. हात पक्का झाला. एरवी हत्यार कुलपात, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, हे मॅक्सीनने लावलेलं वळण तिने मोडलं नाही.

गव्हाची कापणी संपली तेव्हा लेलंड आला. "ऐकलं, तू मोठी नेमबाज झालीस," म्हणत त्याने कुंपणाच्या खांबांवर रिकामे डबे मांडले आणि कमरेचं पंचेचाळीस काढलं. स्लाइडला हात घातला. ती हलली नाही. त्याने पँटला हात पुसला, पुन्हा धरली. बोटं वळत नव्हती. सांधे सुजून अक्रोडासारखे झाले होते. "तेल द्यायचं राहिलंय," तो म्हणाला आणि पिस्तूल परत खोचू लागला.

आर्डिसच्या 'दंड कमव' हे शब्द तोंडापर्यंत आले होते. तिने ते गिळले आणि रिव्हॉल्व्हर त्याच्यापुढे धरलं. "भावाचं घे. अडतीसची भरलीत. यात खेचायचं काही नाही. चक्रीमागचा घोडा दोन्ही अंगठ्यांनी मागे घे, मग चाप हलका लागतो."

लेलंडने तिच्याकडे पाहिलं. मग घोडा चढवला, दोन्ही अंगठ्यांनी. पहिलाच डबा उडाला. दुसराही. त्याने रिव्हॉल्व्हर तिच्या हातात परत दिलं आणि बोटं चोळू लागला.

"गेल्या वर्षापासून असं आहे," तो शेवटी म्हणाला. "दोरीची गाठसुद्धा सुटत नाही. कोणाला सांगितलं नाही."

"शनिवारी मॅक्सीनकडे चल."

"मी? मी चालायला लागलो तेव्हापासून बंदूक धरतोय. ती तर नवशिक्यांना शिकवते."

"मग? या हातांना तू नवशिकाच आहेस. मी असेन तिथे. मी हसणार नाही."

"मी हसलो होतो," लेलंड म्हणाला.

"माहितेय. चल आत, जेवण तयार आहे."

तो आला. मॅक्सीनने त्यालाही पहिल्यापासून सुरुवात करायला लावली, प्रत्येक हत्यार भरलेलंच धरायचं इथपासून. लेलंडने कुरकुर केली आणि वदला.

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने उभं राहून आभार मानायचे असतात. लोक पावसाचे मानतात, नातवंडांचे मानतात. आर्डिस इतक्या वर्षांत कधी उठली नव्हती. या वेळी उठली. समोरचा बाक धरून म्हणाली, "मी मॅक्सीन डेलॉर्मचे आभार मानते. बाकी सगळ्यांनी मला काय घ्यायचं ते सांगितलं. हिने आधी माझे हात बघितले. म्हणून मी यंदाचा हिवाळा माझ्या घरात काढणार आहे."

ती बसली. मॅक्सीन स्तोत्रांच्या पुस्तकात डोकं घालून काहीतरी शोधत असल्याचं दाखवत होती; कान लाल झाले होते. मागून बाक कुरकुरला. लेलंड उभा होता, टोपी त्या सुजलेल्या बोटांत धरून.

"माझंही तेच," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "आणि आर्डिसचे."

नंतर तळघरात आर्डिसने मॅक्सीनच्या हातात फडक्यात गुंडाळलेले लेफ्से दिले, बटाट्याच्या पातळ पोळ्या, पहाटे उठून भाजलेल्या. मॅक्सीनने तिथेच एक उलगडली, लोणी आणि साखर लावली, गुंडाळी करून अर्धी तोडली आणि अर्धी आर्डिसला दिली.